होम आणि घर : बेघर मुलांमधल्या ख्रिस्ती सेवेची दोनशे वर्षं

महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याला तळीये आहे. २२ जुलै २०२१ रोजी इथल्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली, तीसेक घरं चिखलाखाली गडप झाली. त्या दिवशी कामाधंद्यासाठी मुंबई-पुण्याकडे असलेली माणसं वाचली. ती गावी पोचली तेव्हा कोणाचे आईवडील नव्हते, कोणाची बायकापोरं नव्हती आणि ज्या उंबरठ्यावर टेकून रडावं तो उंबरठाही नव्हता. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. त्याआधी जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच सोसलं होतं. या खोऱ्यात पाऊस सलग दोन दिवस कोसळला की माणसं रात्री डोंगराकडे कान लावून पडतात.

तळीयेच्या लोकांनी कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत दिवस काढले आणि मग म्हाडाची पक्की घरं उभी राहू लागली. सरकारी कागदावर ‘बेघर’ हा शब्द तिथे खोडला जातो. चावी हातात पडली की माणूस घरवाला झाला. पण ज्या पोराचं घरातलं प्रत्येक माणूस गेलं, त्याने त्या चावीने दार उघडल्यावर आत कोण असतं? हा प्रश्न तळीयेपासून माझी पाठ सोडत नाही.

बेघरपणाचा दुसरा प्रकार बातम्यांत येत नाही. बाप दारू पिऊन मारतो, आई दुसऱ्या घरी गेलेली असते, शाळेत नापास झाल्याची लाज असते, किंवा नुसतंच पोट भरत नसतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा एका सकाळी गाडीत चढतो आणि संध्याकाळी मुंबईच्या फलाटावर उतरतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर आणि मुंबईत ५७ हजारांवर माणसं उघड्यावर झोपलेली सापडली. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत एकट्या मुंबई शहरात रस्त्यावर जगणारी ३७,०५९ मुलं मोजली गेली. त्यांतली बरीचशी कुटुंबासह रस्त्यावर राहणारी होती, पण ज्यांना कुटुंबच नाही किंवा जी कुटुंबापासून पळालेली आहेत अशीही हजारो होती.

या दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे महाराष्ट्रात ज्यांनी फार आधीपासून वळून पाहिलं, त्यांत ख्रिस्ती सेवेकरी ठळक आहेत. त्यांनी काय केलं, कुठे चुकलं, काय साधलं आणि आमच्या दरडींच्या खोऱ्याला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा आहे.

सावित्रीच्या मुखाशी

ही गोष्ट आमच्याच नदीच्या मुखाशी सुरू होते. महाडवरून आलेली सावित्री दासगावापाशी खाडी होते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. घाटरस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईचं जग या खोऱ्यात गलबतांतून, याच पाण्यावरून यायचं. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटला आले. पूर्वी ते लष्करात होते. वर्ष सरायच्या आतच ते वारले. मागून आलेल्या त्यांच्या सोबत्यांनी बाणकोट आणि हर्णै ही ठाणी धरून आसपासच्या गावांत मराठी शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेलं जॉन आणि मार्गारेट विल्सन हे दाम्पत्य मराठी शिकायला याच किनाऱ्यावर येऊन राहिलं. पुढे मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि निराधार मुलींना राहायला जागा दिली. १८३५ मध्ये त्या गेल्या. भारतात त्यांना मिळाली ती जेमतेम सहा वर्षं.

या कामाला चिकटलेला वादही तितकाच जुना आहे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होता आणि मिशनकडे राहत होता. वडील कोर्टात गेले. मूल अज्ञान आहे, म्हणून ताबा वडिलांचा, असा निकाल झाला. मुलगा घरी आला तर पुढचा प्रश्न उभा राहिला : मिशनच्या घरी राहिलेल्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही? शास्त्र्यांत मोठा वाद पेटला. मूळचे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. मला या प्रकरणात धर्मापेक्षा ते मूल दिसतं. एका दारात त्याला राहू दिलं नाही आणि दुसऱ्या दारात घेईनात. आजही पळून गेलेलं मूल परत आल्यावर गावात नेमकं हेच होतं. दार उघडतं, पण बोलणी आणि टोमणे दारातच उभे असतात. परतीची वाट मोकळी करणारा जांभेकरांसारखा माणूस प्रत्येक गावात लागतो.

शरणपूर

नाशिकमधून फिरताना ‘शरणपूर रोड’ ही पाटी दिसते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर वसवलेल्या वस्तीचं ते नाव आहे. त्या वस्तीत अनाथ मुलं होती, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी शाळा होती आणि जगाच्या दुसऱ्या टोकावरून आलेली पोरंही होती. अरबी समुद्रात गुलामांचा व्यापार करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे. त्यांत सापडलेली आफ्रिकी मुलं मुंबईच्या बंदरात उतरवली जात. ना भाषा कळे, ना आपलं गाव कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक. त्यांतली कित्येक शरणपूरला आली, वाढली, हुन्नर शिकली.

जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांमध्ये नाशिकला शिकलेला हा तरुण उभा होता. पुढे प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभारली. तिथे नाशिकला वाढलेले तरुण कामाला आले.

शरणपुराने दाखवलेली एक गोष्ट आजही खरी आहे. बेघर पोराच्या हाताला कसब दिलं आणि त्याच्यावर जबाबदारी टाकली, तर ते पोर दयेवर जगत नाही. त्याच वेळी हेही विसरता येत नाही, की या मुलांचं मूळ नाव, भाषा आणि देव या वाटेवर कुठेतरी गळून गेले. नवं नाव आणि नवा धर्म त्यांनी निवडला, असं म्हणायला त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता कुठे?

दोन बेघर मुलं

मराठी ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत मोठी दोन नावं स्वतः तरुणपणी बेघर होती, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. भाऊ श्रीनिवास आणि त्या देशभर पायी हिंडले, उपाशी राहिले, थंडीत उघड्यावर झोपले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. पुढची विद्वत्ता, पदव्या, इंग्लंडमधला १८८३ चा बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन, हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या भुकेल्या मुली बरोबर घेऊन आल्या, त्यामागे बावीस वर्षांपूर्वीची ती उपाशी मुलगी होती.

पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या मुलींना सांभाळायचं म्हणजे गावच चालवायचं. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवण, छापखाना अशी कामं मुलींनीच उचलली. छापखान्यात टाइप जुळवण्यापासून सगळी कामं बायका करत. अंधांसाठी ब्रेलची शाळा निघाली. रमाबाईंची मुलगी मनोरमा या कामात आईच्या बरोबरीने राबली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात चालू आहे.

दुसरे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, दापोली तालुक्यातल्या करजगावचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. वडील कडक, आई मायाळू. आई गेल्यावर या मुलाने घर सोडलं आणि पायी नाशिक गाठलं. नाशिकच्या हिंदू घरांनी त्याला जेवू घातलं आणि गणेशशास्त्री लेले यांनी संस्कृत शिकवलं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या घरात पुढे आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं वाढली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ती भरलेली पंगत आठवत असेल : घरात पैसा नाही, तरी कोणीतरी नवं मूल दारात उभं आहे आणि लक्ष्मीबाई रागावून, बोलून, शेवटी पान वाढताहेत.

पळून गेलेल्या टिळकांना नाशिकच्या वैदिक घरांनी वाढवलं आणि टिळकांनी ख्रिस्ती होऊन ते ऋण इतर मुलांवर फेडलं. मला वाटतं, हे काम कोणत्या धर्माचं, असं विचारणाऱ्याला यातच उत्तर आहे.

अर्थात रमाबाईंच्या वाट्याला वादही आला. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातं, या आरोपावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण त्याच वर्षी शारदा सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी झाला आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. वादातून दोन्ही बाजूंनी काम वाढलं. एवढी निष्पत्ती आजच्या वादांमधून निघाली, तर मुलांचं भलं होईल.

भिंतींचं शतक

१८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळानंतर अहमदनगर, सोलापूर या भागांत मिशनची बोर्डिंगं आणि अनाथालयं भरून गेली. मुंबईत १८८२ च्या सप्टेंबरात फ्रेडरिक टकर यांनी मुक्तिफौजेचं काम सुरू केलं, तेही रस्त्यावरच्या माणसांतच. कॅथलिक बाजूने अंधेरीत सेंट कॅथरिन्स होम वाढलं. जर्मनीहून आलेल्या ॲना हुबर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये मरियेच्या साहाय्यक भगिनींचा संघ स्थापला आणि त्या भगिनींनी टाकून दिलेली मुलं उचलून घेतली. सरकारी बाजूला डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. १९२४ मध्ये मुंबई बालक कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

या शतकाने लाखो मुलांना जेवण, कपडे आणि अक्षरं दिली. ही लहान गोष्ट नाही. पण भिंतींच्या आतल्या सेवेला एक आजार जडतो. दोनशे मुलं एका घंटेवर उठतात, एका रांगेत जेवतात, एकाच रंगाचे सदरे घालतात. मुलाला नाव असतं, पण हाक नंबराने येते. मुंबईच्या रस्त्यावरची पोरं रिमांड होमला नुसतं ‘डोंगरी’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकताच पळ काढतात. घरातल्या मारापासून पळालेलं मूल भिंतीपासूनही पळतं. ‘होम’ हा शब्द मराठीत आला तो या इमारतींचं नाव म्हणून, आणि म्हणूनच तो कोणाला घरासारखा वाटत नाही.

फलाटावरचं काम

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या काही धर्मगुरूंनी उलटा विचार केला. मूल आपल्याकडे येण्याची वाट का पाहायची, आपणच मुलाकडे जावं.

येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १९६२ मध्ये मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू केलं. त्यांनी मोठी इमारत टाळली आणि शहरातल्या वस्त्यांत छोटी छोटी घरं केली. प्रत्येक घरात सांभाळणारं माणूस, थोडी मुलं आणि शेजारच्या शाळेत दाखला. शेजाऱ्यांना ते घरासारखं घरच दिसावं, हा हेतू. फादर प्लासिदो फोन्सेका यांनी दीर्घकाळ ही धुरा वाहिली. १९८७ मध्ये सेल्शियन संघाने वडाळ्याला ‘शेल्टर डॉन बॉस्को’ उघडलं. जुन्या भाषेत सांगायचं, तर ही फलाटावरच्या पोरांची धर्मशाळा. दार उघडं, यायचं की नाही हे मुलाने ठरवायचं.

सेल्शियन संघाचे मूळ पुरुष डॉन बॉस्को यांचं १८४० च्या दशकातलं तुरिन डोळ्यांसमोर आणलं, की ते गिरणगावासारखं दिसतं. खेड्यांतली पोरं बांधकामावर आणि कारखान्यांत यायची, मुकादमाच्या हातात सापडायची, चोरीमारीत तुरुंगात जायची. डॉन बॉस्कोंनी त्यांच्यासाठी खेळायचं अंगण, रात्रीची शाळा आणि झोपायला जागा केली. पोरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांकडून त्यांनी लेखी करार करून घेतले : मारायचं नाही, सुट्टी द्यायची, धंदा शिकवायचा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कामगार पोरासाठी लिहिलेले ते कागद आज वाचले तरी आपल्या वीटभट्ट्या आणि ढाबे आठवतात.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते नीट पाहायला हवं. नवखं मूल फलाटावर उतरल्यावर पहिल्या काही तासांतच कोणीतरी त्याच्याकडे येतं. तो दलाल असू शकतो, टोळीचा दादा असू शकतो किंवा कार्यकर्ता. सगळी शर्यत त्या तासांची असते. कार्यकर्ता आधी पोचला तर मूल घरी परतण्याची शक्यता मोठी. उशीर झाला, तर मूल टोळीत सामील होतं, बाटल्या वेचायला लागतं, सोल्युशन हुंगायला शिकतं. नशा भूक मारते आणि थंडी विसरवते, म्हणून पोरं ती करतात. त्यांना नुसता उपदेश करून भागत नाही.

त्यानंतरची पायरी विश्वासाची. आंघोळीला पाणी, कपडे धुवायला साबण, जखमेवर पट्टी, सामान ठेवायला कुलपाचं कपाट. दिवसाची कमाई जपून ठेवण्याची सोय ही तर फारच मोठी. रस्त्यावरच्या पोराच्या खिशातले पैसे रात्री कोणीतरी काढून घेतं, म्हणून ते दिवसाच उडवून टाकतं. पैसे सुरक्षित राहतात म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा उद्याचा विचार करता येतो. मग शाळा, मग घरचा पत्ता. घरचा पत्ता मूल सर्वांत शेवटी सांगतं.

वडाळ्याच्या कामात अनेक वर्षं राहिलेले फादर बार्नबे डिसूझा यांनी रस्त्यावरच्या किशोरांच्या नशेवर आणि त्यातून बाहेर येण्याच्या वाटेवर पुस्तक लिहिलं. व्यसनमुक्तीसाठी फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. शहराच्या गजबजाटातून बाहेर काढल्याशिवाय काही मुलं सावरत नाहीत, म्हणून सेल्शियनांनी आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला मुलांसाठी केंद्र केलं. याच काळात इतरांनीही मोठी कामं उभी केली. टाटा संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक पुढे देशभर गेला आणि त्याच्या मुंबईतल्या पहिल्या सोबत्यांत अशी ख्रिस्ती केंद्रंही होती.

या सगळ्या नावांमध्ये मला सर्वांत जवळचं वाटतं ते ‘माहेर’. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये पुण्याजवळ वढू बुद्रुकला ते सुरू केलं. केरळहून आलेल्या या भगिनीने आपल्या संस्थेला मराठीतला सर्वांत मायेचा शब्द दिला. तिथे सर्व धर्मांचे सण होतात, कोणाला जात वा देव विचारत नाहीत. माहेर म्हणजे जिथून आपण निघतो आणि जिथे कधीही परत येता येतं. बेघर मुलाला याहून वेगळं काय हवं असतं?

श्रद्धेचा प्रश्न

यात धर्मांतराचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनच्या शाळा, दवाखाने आणि अनाथालयांतून होणाऱ्या धर्मांतरावर कडक टीका केली. मिशनच्या बाजूने त्याला तितक्याच जोराने उत्तर दिलं गेलं. तो वाद आजही चालू आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. भुकेल्या मुलाच्या ताटात अट वाढू नये. ज्याला नाही म्हणायला दुसरी जागाच नाही, त्याचा होकार हा होकार नसतो. शरणपुरातली मुलं आणि केडगावच्या मुली यांच्याबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा. मूल हिंदू घरातलं असेल तर त्याला गणपतीला घरी जाता आलं पाहिजे, मुसलमान असेल तर ईदला. सज्ञान झाल्यावर ते काय मानेल, हा त्याचा अधिकार.

पण त्याच सरळपणे दुसरी बाजूही सांगतो. जे धर्मगुरू आणि भगिनी पंचवीस-तीस वर्षं फलाटावर, नशेच्या वासात, पोरांच्या शिव्या खात काम करत राहिले, त्यांना तिथे टिकवून ठेवलं त्यांच्या श्रद्धेनेच. ख्रिस्ताला डोकं टेकायला जागा नव्हती, असं शुभवर्तमान सांगतं, म्हणून उघड्यावर झोपलेल्या पोरात त्यांना आपला प्रभू दिसतो. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहत रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या बापाची गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पगारावर एवढी वर्षं कोणी थांबत नाही. ती श्रद्धा हिरावून घेऊन सेवा तेवढी मागणं हा अन्याय होईल.

आमच्या महाडला या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी पिणाऱ्याला तू कोण, असं विचारायचं नाही, हा त्या तळ्याचा धडा आहे. छपरालाही तोच लागू आहे.

अठराव्या वाढदिवसानंतर

या सगळ्या कामाची सर्वांत कच्ची बाजू अठराव्या वर्षी उघडी पडते. मूल सज्ञान झालं की बालगृहाचं दार कायद्याने बंद होतं. घरात वाढलेल्या मुलाला आपण पंचविशीपर्यंत सांभाळतो. ज्याला कोणीच नाही, त्याला मात्र अठराव्या वाढदिवसानंतर पिशवी घेऊन निघावं लागतं. भाड्याची खोली घ्यायला जामीन लागतो, नोकरीला पत्त्याचा पुरावा लागतो, लग्नाच्या बोलणीत कोण कुठले विचारतात. रस्त्यावरून उचललेलं मूल पुन्हा रस्त्यावर येण्याचा हाच तो वळसा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने अठरा ते एकवीस वयोगटासाठी अनुरक्षणाची तरतूद केली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिलं. एका अनाथ तरुणीने सातत्याने केलेल्या पाठपुराव्याचा त्यात मोठा वाटा होता. पालक गमावलेल्या मुलाला नातेवाइकांकडेच वाढता यावं म्हणून बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. तरतुदी आहेत. त्या मुलापर्यंत पोचवायला, रांगेत त्याच्या शेजारी उभं राहायला माणूस लागतो.

ख्रिस्ती संस्थांमध्ये जे उत्तम काम झालं, तिथे हा माणूस होता. स्नेहसदनासारख्या घरातून बाहेर पडलेला तरुण नोकरी लागल्यावर, लग्न ठरल्यावर, बायकोशी भांडल्यावरसुद्धा परत त्या घरी येतो. जिथे हे झालं नाही, तिथे इमारत कितीही मोठी असली तरी मुलं विखुरली.

आमच्या खोऱ्यासाठी

आपत्तीनंतरच्या मुलांचे अनुभव महाराष्ट्राकडे आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं पुण्याला आणून शिकवली. अलिबागजवळच्या एसओएस बालग्रामात एका आईसोबत काही मुलं असं घर असतं. ऑस्ट्रियात १९४९ मध्ये हेर्मान ग्माइनर यांनी युद्धातल्या पोरक्या मुलांसाठी ही रीत बसवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा आश्रमशाळेत राहणारी वाडीतली मुलं वाचली. शाळेने जीव वाचवला, पण सुट्टी लागल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे राहिला.

मला या सगळ्यापेक्षा आपल्याच एका जुन्या रीतीची आठवण येते. गिरण्या चालू होत्या तेव्हा महाड-पोलादपुरातला पोरगा मुंबईला गेला, तर लालबाग-परळच्या चाळीत गावाची खोली असे. भिंतीला लागून वळकट्या, खुंटीला सदरे, पाळीपाळीने झोपायचं आणि खाणावळीत जेवायचं. पोरगा रात्री आला नाही तर सकाळी कोणीतरी विचारी, काल कुठे होतास? गोव्याच्या ख्रिस्ती पोरांसाठी अशाच कूडी होत्या. धोबीतलावला जेर महालात गावागावाच्या कूडी होत्या, त्यात देव्हारा, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि जहाजावर नोकरी लागेपर्यंत राहायची सोय. देव वेगळा, भाषा थोडी वेगळी, पण दोन्हींचा अर्थ एकच : शहरात आपलं पोर एकटं पडता कामा नये. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी पाडून टॉवर आले आणि गावच्या खोल्या गेल्या. नेमक्या त्याच दशकात वडाळ्याला शेल्टर उघडावं लागलं. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. गावकीची खोली जे करत होती, तेच धर्मगुरूंना फलाटावरच्या अनोळखी पोरांसाठी करावं लागलं.

म्हणून माझी विनंती तळीयेच्या आणि खोऱ्यातल्या सगळ्या गावांच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळांना आहे. मंडळाची सभा होते, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी होते, पालखीचा खर्च ठरतो. त्याच वहीत एक पान दरडींत पोरक्या झालेल्या मुलांसाठी ठेवावं. प्रत्येक नावासमोर मंडळातल्या एका माणसाचं नाव असावं. पोरगं किंवा पोरगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत त्या माणसाने फोन करायचा, कॉलेजच्या फॉर्मवर सही करायची, दाखल्यासाठी तहसीलला बरोबर जायचं, दिवाळीला घरी बोलवायचं. ज्या संस्थांनी हे काम पन्नास वर्षं केलं आहे, त्यांच्याकडून रीत शिकायला संकोच करू नये. आणि त्या संस्थांनीही इथे यावं ते शिकवायला आणि शिकायला, आपली पाटी लावायला नव्हे.

म्हाडाने तळीयेत भिंती आणि छप्पर दिलं. ते आवश्यकच होतं. आता मुंबईत कुठेतरी, ठाण्याला, नाहीतर नवी मुंबईत, एका खोलीत खोऱ्यातल्या पोरासाठी एक वळकटी अंथरून ठेवलेली असावी, आणि तो रात्री उशिरापर्यंत आला नाही, तर दिवा न मालवता जागं राहणारं कोणीतरी तिथे असावं.